माणूस, देश आणि न्यायालय

आपल्या घरात आपल्या परवानगीवाचून कोणी शिरू शकत नाही. देशाचेही तसेच असते. आपल्या भूमीवर कोणता कायदा चालेल, हे तो देशच ठरवतो. या अधिकाराला ‘सार्वभौमत्व’ म्हणतात. पण दोन देशांत एका कैद्यावरून वाद झाला तर?

असा एक खटला जगभर गाजला. त्यातील कैदी होते विनायक दामोदर सावरकर. पुढे १९२४ ते १९३७ या काळात सरकारने त्यांना रत्नागिरी जिल्ह्यात स्थानबद्ध ठेवले होते.

१९१० साली लंडनमध्ये राजद्रोह व इतर आरोपांवरून त्यांना अटक झाली. ‘मोरिया’ बोटीने त्यांना हिंदुस्थानात आणले जात होते. ८ जुलै रोजी बोट फ्रान्समधील मार्सेलिस बंदरात असताना त्यांनी समुद्रात उडी टाकली आणि किनारा गाठला. परंतु एका फ्रेंच शिपायाने त्यांना पकडून बोटीवरील पोलिसांच्या स्वाधीन केले.

“आमच्या भूमीवरून नेलेला कैदी परत करा,” अशी मागणी फ्रान्सने केली. हा वाद हॉलंडमधील हेग येथे पाच जणांच्या लवादापुढे गेला. २४ फेब्रुवारी १९११ रोजी निकाल लागला. कैदी ताब्यात देताना चूक झाली, हे लवादाने मानले. तरीही त्याला परत करण्याचे बंधन ब्रिटनवर नाही, असे ठरवले.

एक गोष्ट ध्यानात घ्या. लवादापुढे फ्रान्स होता, ब्रिटन होता. ज्याच्या आयुष्याचा प्रश्न होता, तो माणूस मात्र पक्षकार नव्हता. पारतंत्र्यातील हिंदुस्थानही नव्हता.

पुढे काळ बदलला. १० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. छळ होत असल्यास दुसऱ्या देशात आश्रय मागण्याचा हक्क त्यात आहे. १९५९ मध्ये युरोपचे मानवी हक्क न्यायालय स्थापन झाले. देशातील न्यायालयांत दाद न मिळाल्यास तेथे आज सामान्य माणूसही आपल्या सरकारविरुद्ध जाऊ शकतो. पण या न्यायालयाजवळ स्वतःचे पोलीस नाहीत. निकाल अमलात आणायचा तो सरकारांनीच!

आशिया खंडासाठी असे न्यायालय नाही. आपल्या मूलभूत हक्कांचे रक्षण आपली न्यायालये करतात. संविधानाच्या कलम ३२ नुसार नागरिक थेट सर्वोच्च न्यायालयात जाऊ शकतो. १९९३ पासून राष्ट्रीय मानवी हक्क आयोगही आहे.

काही जण म्हणतात, “बाहेरच्या न्यायालयाने आमच्या कायद्यात लक्ष घालू नये.” दुसरे विचारतात, “आपल्याच सरकारने अन्याय केला, तर माणसाने कोठे जावे?” दोन्ही प्रश्न खरे आहेत. देश माणसांचा बनतो, हे लक्षात ठेवून तुम्ही वर्गात यावर चर्चा करा.