विश्लेषण : कास्पारोव्हला रोखणारी ‘बर्लिनची भिंत’ काय होती?

बुद्धिबळात १९८५पासून असलेली गॅरी कास्पारोव्हची सद्दी २००० साली लंडनमध्ये संपली. व्लादिमिर क्रॅमनिकने जगज्जेतेपदाची लढत ८.५-६.५ अशी जिंकली. १५ डावांत कास्पारोव्हला एकही विजय मिळाला नाही. याचे मोठे श्रेय जाते ते तोवर अव्वल खेळाडूंनी फारसे न वापरलेल्या एका ओपनिंगला.

बर्लिन बचाव म्हणजे काय?

दोन्ही बाजू राजापुढचे प्यादे दोन घरे पुढे सरकवतात. मग दोघांचाही एकेक घोडा बाहेर येतो आणि पांढरा उंट काळ्या घोड्यावर रोख धरतो. ही झाली ‘रुय लोपेझ’, म्हणजे १६व्या शतकातील एका स्पॅनिश धर्मगुरूच्या नावाची सुरुवात. यावर काळ्याने दुसरा घोडा काढून पांढऱ्याच्या पुढे आलेल्या प्याद्यावर हल्ला केला, की तो बर्लिन बचाव.

क्रॅमनिकने तो का निवडला?

या प्रकाराच्या मुख्य शाखेत आठव्या चालीलाच दोन्ही वजीर पटावरून जातात. काळ्याचे नुकसान उघड दिसते. त्याच्या राजाला किल्लेकोट करता येत नाही आणि दोन प्यादी एकामागे एक अडकतात. पण त्याचे दोन्ही उंट शाबूत राहतात आणि तटबंदी भक्कम असते. वजिराविना पांढऱ्याचा हल्ला बोथट होतो. कास्पारोव्हची खरी ताकद होती ती आक्रमणात, आणि इथे त्यालाच वाव नव्हता. क्रॅमनिकला ही ताकद जवळून ठाऊक होती. १९९५मध्ये आनंदविरुद्धच्या लढतीत तो कास्पारोव्हच्याच सहायकांत होता.

त्याचा परिणाम काय झाला?

पहिला, तिसरा, नववा आणि तेरावा या चार डावांत कास्पारोव्हने पांढऱ्या मोहऱ्यांनी ही भिंत फोडून पाहिली. चारही डाव बरोबरीत सुटले. क्रॅमनिकने दुसरा आणि दहावा डाव पांढऱ्या मोहऱ्यांनी जिंकला. तेवढे पुरेसे ठरले.

ही भिंत अभेद्य आहे का?

नाही. २०१४मध्ये सोची येथे आनंदने कार्लसनविरुद्ध काळ्या मोहऱ्यांनी हाच बचाव चार वेळा वापरला. सातवा डाव १२२ चालींनंतर बरोबरीत सुटला, पण अकरावा आनंदने गमावला आणि लढतही तिथेच संपली. ओपनिंग डाव जिंकून देत नाही. डाव कुणाच्या पसंतीच्या मैदानावर होणार, एवढेच ती ठरवते.