पिंजऱ्यातली कुस्ती – लेखांक ६ : हात लांब, पण अंतर कुणाचं?

मागच्या लेखांकात वजनगट समजून घेतले. त्यावर कटंगीच्या पोरांनी लगेच शंका काढली. वजन जर सारखंच असतं, तर लढतीआधी पडद्यावर दोघांच्या हातांची लांबी कशाला दाखवतात? आणि लांब हाताचाच जिंकणार असेल, तर बालाघाट जिल्ह्यातल्या आपल्यासारख्या सव्वापाच फुटी माणसांनी मिश्र मार्शल आर्ट्सच्या वाटेला जावंच कशाला?

शंका रास्त आहे. तिचं बरंचसं उत्तर पायांत आहे, पण आधी हातच मोजू.

पडद्यावर दाखवतात ती ‘पोहोच’ म्हणजे एका हाताची लांबी नव्हे. भिंतीला पाठ टेकून उभं राहायचं, दोन्ही हात खांद्यांच्या रेषेत आडवे ताणायचे आणि एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजायचं. शिंप्याची टेप साठ इंचांची, ती पुरणार नाही, सुताराची घ्या. बहुतेकांची पोहोच आपापल्या उंचीच्या आसपास भरते. या आकड्यात दोन्ही हात आले, मधली छाती आली आणि बोटंही आली. ठोसा मात्र एका हाताचा, तोही मूठ वळून. म्हणून पडद्यावर चार इंचांचा फरक दिसला की मनात तो दोन इंच धरायचा, आणि त्यातलाही काही भाग खांद्यांच्या रुंदीत गेलेला असू शकतो.

पण दोन इंच म्हणजे काहीच नाही, असंही समजू नका. मिश्र मार्शल आर्ट्सचे हातमोजे साधारण चार औंसांचे असतात. बॉक्सिंगमध्ये दहा औंसांचा जाड मोजा चेहऱ्यापुढे धरून ठोसे अडवता येतात, इथे तसा आडोसा नसतो. ठोसा दोन इंचांनी कमी पडला तर वारा लागतो, नाहीतर माणूस आडवा.

लांब हातांचा पुरेपूर वापर कसा होतो ते जॉन जोन्सनं दाखवलं. उंची सहा फूट चार इंच आणि पोहोच ८४.५ इंच, म्हणजे सात फुटांहून अर्धा इंच जास्त. ३ जानेवारी २०१५ला लास व्हेगासमध्ये त्याच्यासमोर होता डॅनियल कॉर्मिए. ऑलिंपिकमध्ये अमेरिकेकडून कुस्ती खेळलेला, अंगानं ठेंगणा, पोहोच ७२.५ इंच. बरोबर एक फुटाचा फरक. कॉर्मिए आत शिरू पाहायचा तेव्हा जोन्स कधी उघडा तळवा त्याच्या कपाळासमोर धरायचा, कधी पायाच्या तळव्यानं त्याच्या गुडघ्याच्या वर दाबल्यासारखी लाथ मारायचा. पुढे टाकलेला पायच असा अडला की अख्खा माणूस अडतो. पाच फेऱ्यांनंतर तिन्ही पंचांचा निकाल एकच, ४९-४६. वर आणखी म्हणजे कॉर्मिएला त्याच्याच विद्येत, कुस्तीत, जोन्सनं खाली आणलं.

इथे जरा आडवळणानं एक तक्रार. बोटं पसरून हात समोर धरण्याची ही सवय लांब हाताच्या लढवय्यांना फार सोयीची पडते, आणि त्यातूनच डोळ्यात बोट जाण्याचे प्रकार होतात. नियमानं तो गुन्हा आहे. पण पंच बहुतेक वेळा ताकीद देऊन सोडतात, गुण कापत नाहीत. माझ्या मते पहिल्याच वेळी गुण कापला तर हे ‘अपघात’ अर्ध्यावर येतील.

आता याच्या नेमकी उलटी लढत. ३ मार्च २०१३, जपानमधलं सैतामा. स्टेफान स्ट्रूव्ह हा नेदरलँड्सचा जवळपास सात फुटी लढवय्या आणि समोर न्यूझीलंडचा मार्क हंट, पाच फूट दहा इंचांचा. कागदावर हा सामनाच नव्हता. पण स्ट्रूव्हला आपल्या लांबीचा संसार करता येत नव्हता. जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा तो सरळ, टोचल्यासारखा ठोसा, सतत मारून समोरच्याला लांब ठेवणं हे त्याच्या अंगात मुरलेलं नव्हतं. हंट मूळचा किकबॉक्सर. आत शिरून आखूड, वळणाचे ठोसे मारणं ही त्याची हयातीची विद्या. तिसऱ्या फेरीत त्याच्या डाव्या हाताच्या हुकनं स्ट्रूव्हचा जबडा मोडला. लांब दांड्याची कुऱ्हाड माजघरात चालवून पाहा, म्हणजे आतल्या अंतरात स्ट्रूव्हची काय गत झाली असेल ते कळेल. हात लांब असला की कोपर वळवायला जागाही जास्त लागते.

उंची आणि पोहोच एकच समजणाऱ्यांसाठी आणखी एक जोडी सांगतो. ऑस्ट्रेलियाचा अलेक्झांडर व्होल्कनोव्स्की पाच फूट सहा इंच, हवाईचा मॅक्स हॉलोवे पाच फूट अकरा. कुणाचे हात लांब? व्होल्कनोव्स्कीचे: ७१.५ इंच विरुद्ध ६९. डिसेंबर २०१९मध्ये या ‘बुटक्या’नं हॉलोवेचा किताब काढून घेतला आणि पुढच्या दोन लढतीही जिंकल्या. पण त्या पहिल्या लढतीत लक्षात राहिल्या त्या लाथा. हॉलोवेच्या पुढच्या पायावर त्या पडत राहिल्या आणि ठोशांची त्याची लय बसू शकली नाही. म्हणजे हात लांब असूनही व्होल्कनोव्स्कीनं काम पायांनी केलं.

इथून विषय पवित्र्याकडे वळतो. प्रत्येक मारविद्येचा पवित्रा वेगळा आणि प्रत्येक पवित्र्याचं लाडकं अंतर वेगळं. बॉक्सर पुढच्या पायावर भार देतो, कारण त्याच्या खेळात पायावर कुणी लाथ मारत नाही. थायलंडच्या मुए थायवाला छाती समोर करून, पुढचा पाय हलका ठेवून उभा राहतो. आलेली लाथ नडगी उचलून अडवायची तर पाय हलकाच हवा. जवळ आल्यावर मान धरून कोपर आणि गुडघे चालवणं हाही त्याचाच प्रांत. कराटेवाला अंग आडवं करून, पाय लांब टाकून उभा राहतो. लांबून झेप, एक घाव आणि परत मागे. ल्योतो माचिदानं २००९मध्ये याच पद्धतीनं रशाद एव्हान्सला गारद करून किताब मिळवला, तोवर पिंजऱ्यात कराटेला कुणी फारशी किंमत देत नव्हतं. एकाच पोहोचेची दोन माणसं या तीन पवित्र्यांत उभी करा, ठोसा पोहोचण्याचं अंतर तिन्ही वेळा निराळं भरेल. टेप हे मोजत नाही.

कॉनर मॅकग्रेगरच्या तीन लढती एकापाठोपाठ पाहिल्या तर हे सगळं एका माणसात दिसतं. पोहोच ७४ इंच, डावखुरा, जड डावा हात. डिसेंबर २०१५मध्ये दहा वर्षं न हरलेला होझे आल्दो, पोहोच ७० इंच, त्याच्यावर धावून आला. मॅकग्रेगरनं मागे सरकत सरळ डावा ठोसा ठेवला. तेरा सेकंदांत खेळ आटोपला. वळणाच्या ठोशाआधी सरळ ठोसा पोहोचतो आणि हात लांब असेल तर हमखास पोहोचतो. पण यात आल्दोचं धावून येणंही आलं. तो जागेवर थांबला असता तर हे अंतर मॅकग्रेगरला आयतं मिळालं नसतं.

जानेवारी २०२१मध्ये अबू धाबीत डस्टिन पोइरियेनं ती चूक केली नाही. त्याची पोहोच मॅकग्रेगरपेक्षा कमी. त्यानं पोटरीवर लाथा मारायला घेतल्या. मॅकग्रेगर तेव्हा बॉक्सरसारखा पुढच्या पायावर भार देऊन उभा होता. पोटरी सुजली, पाय लंगडला आणि दुसऱ्या फेरीत ठोशांनी तो पडला. अंतर राखायचं काम पाय करतात. ते गेले की ७४ इंच शोभेला उरतात.

मधली लढत मुद्दाम शेवटी ठेवली, कारण ती तालमीतल्या माणसाच्या कामाची आहे. ६ ऑक्टोबर २०१८, समोर खबीब नुर्मागोमेदोव्ह. दागेस्तानचा कुस्तीगीर, पोहोच ७० इंच, आल्दोइतकीच. पहिल्या फेरीत त्यानं मॅकग्रेगरचा पाय धरून त्याला खाली घेतलं आणि बराच वेळ उठूच दिलं नाही. आपल्या भाषेत, एकेरी पट काढला. (शंकरपटाच्या मुलखात सांगावंच लागतं, हा पट बैलांचा नव्हे.) दुसऱ्या फेरीत गंमत झाली. जगातल्या सगळ्यात धोकादायक ठोसेबाजांपैकी एकाला, हातानं आखूड असलेल्या कुस्तीगिरानं, वरून टाकलेल्या उजव्या ठोशानं खाली पाडलं. चौथ्या फेरीत मान आवळून हार कबूल करायला लावली ती नंतर. पण तो ठोसा लागला कसा? ज्याला पटाची धास्ती बसली, त्याचे हात आणि नजर कमरेखाली जातात. वरची वाट मोकळी होते.

मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. मिश्र मार्शल आर्ट्समध्ये लांब हाताची किंमत समोरच्याला किती कुस्ती येते यावर ठरते. निव्वळ बॉक्सिंगमध्ये लांब जॅब फुकटात मारता येतो. इथे प्रत्येक जॅबमागे हिशेब करावा लागतो: हात पुढे गेला, बगल उघडी पडली, हा आता खाली घुसला तर? हा हिशेब करायला लागलेला माणूस ठोसे कमी मारतो, आखडून मारतो. त्याची पोहोच कागदावर तीच राहते, पिंजऱ्यात घटते.

ठेंगण्या पैलवानाचं तर कुस्तीत काही बिघडतही नाही. खाशाबा जाधवांनी १९५२मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक आणलं ते बँटमवेटमध्ये, आणि त्यांना ‘पॉकेट डायनॅमो’ म्हणत. आखूड माणसाला पटात घुसताना कमी वाकावं लागतं.

मग आपली आमदंगल गाजवणारी पोरं थेट पिंजऱ्यात उतरवावीत का? मुळीच नाही. मातीत डोकं पुढे घालून पटात शिरलं तर फार तर समोरचा अंग टाकून दाबतो. पिंजऱ्यात तिथे गुडघा येतो. जुलै २०१९मध्ये अमेरिकेचा ऑलिंपिक कुस्तीगीर बेन ॲस्क्रेन घंटा होताच पाय धरायला वाकला आणि होर्हे मास्विदालचा उडता गुडघा त्याच्या डोक्यावर बसला. पाच सेकंद. यूएफसी या मिश्र मार्शल आर्ट्सच्या लढती भरवणाऱ्या संस्थेच्या इतिहासातला तो सगळ्यात झटपट नॉकआउट.

दुसरा धोका मानेचा. महाराष्ट्राचा भरत खंडारे, कुस्तीतून आलेला, हा यूएफसीमध्ये उतरलेला भारतात जन्मलेला पहिला लढवय्या. २५ नोव्हेंबर २०१७ला शांघायमध्ये त्याची गाठ चीनच्या सोंग यादोंगशी पडली. सोंग तेव्हा विशीतही नव्हता. पहिल्याच फेरीत सोंगनं गिलोटीन घातला, म्हणजे समोरून मान बगलेत घेऊन दोन्ही हातांनी आवळली, आणि लढत संपली. खंडारेला हिणवण्यासाठी हे लिहीत नाही. ते दार आपल्या माणसांसाठी आधी त्यानंच उघडलं. पण मातीच्या कुस्तीत असा गळा आवळायची मुभा नसते, म्हणून तो सोडवायची सवयही पैलवानाच्या अंगात नसते. आणि ठोसेबाज म्हणून नाव असलेला माणूसही हल्ली ही विद्या शिकून येतो. डिसेंबर २०२१मध्ये आपल्या कुस्तीगीर रितू फोगाटला थायलंडच्या स्टॅम्प फेअरटेक्सनं हरवलं ते लाथेनं नव्हे, हाताला पेच घालून. स्टॅम्प मूळची मुए थायवाली.

पिंजऱ्याचा आकारही यात हात घालतो. यूएफसीचा मोठा अष्टकोन तीस फुटांचा, लास व्हेगासच्या त्यांच्या छोट्या सभागृहातला पंचवीस फुटांचा. फरक पाचच फुटांचा वाटतो, पण क्षेत्रफळ जवळपास तीस टक्क्यांनी घटतं. मागे सरकत लांबून मारणाऱ्याची पाठ जाळीला लवकर लागते आणि जाळीशी कोंडलेल्या माणसाची पोहोच किती, हे कुणी विचारत नाही.

तेव्हा कटंगी-तिरोडी पट्ट्यातल्या ज्या पोरांनी विचारलं, त्यांना माझं सांगणं असं. टेप खिशात ठेवा. कुस्ती येत असेल तर ती सोडू नका, पण तिला ठोसे आणि लाथांची जोड द्या. जून २०२४मध्ये यूएफसीत भारतासाठी पहिला विजय मिळवणारी पूजा तोमर वुशूतून आली, जिथे लाथ, ठोसा आणि उचलून टाकणं एकत्रच शिकवतात. वुशू आणि बॉक्सिंग आपल्याच राज्यात, भोपाळच्या क्रीडा अकादमीत शिकवतात. चौकशी करायला हरकत नाही. मोबाईलवर पाहून एकमेकांच्या पोटऱ्यांवर लाथा मारत बसू नका. वस्ताद समोर असल्याशिवाय मानेचे पेच तर अजिबातच नकोत.

पुढच्या आठवड्यात गिलोटीन: मान अडकते कशी, आणि पट काढताना डोकं कुठल्या बाजूला ठेवलं तर ती सुटते.