प्लॅटिनमची जागा कर्ब घेईल काय?

श्रोतेहो, पेन्सिलीतल्या काळ्या कांडीला आपण शिसे म्हणतो, पण ते शिसे नव्हेच. ती ग्रॅफाइट आणि माती यांची कांडी असते, आणि ग्रॅफाइट म्हणजे शुद्ध कर्ब. शिक्षकबंधूंनी वर्गात हा एक प्रयोग जरूर करून दाखवावा. पेलाभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवा. मीठ मात्र घालू नका, त्यातून विषारी क्लोरिन निघतो. दोन्ही टोके तासलेल्या दोन पेन्सिली पाण्यात उभ्या करा आणि वरच्या टोकांना नऊ व्होल्टची बॅटरी जोडा. दोन्हीकडे बुडबुडे येतात, एकीकडे हायड्रोजनचे, दुसरीकडे प्राणवायूचे. विजेने पाणी फोडले. आता दोन मिनिटांनी बॅटरी काढा आणि तिच्या जागी व्होल्टमापक लावा. काटा हलतो! कांड्यांना चिकटून राहिलेले वायू आता उलट वीज देऊ लागतात. पण काटा पाहता पाहता खाली येतो.

हाच इंधन-घट, अगदी बाल्यावस्थेतला. वेल्समध्ये जन्मलेले विल्यम ग्रोव्ह पेशाने वकील होते. त्यांनी १८३९ साली गंधकाम्लात प्लॅटिनमच्या पट्ट्या बुडवून हीच गोष्ट दाखवली. इंधन-घटात काही जळत नाही, धूर नाही. हायड्रोजन आणि प्राणवायू यांचा संयोग होऊन पाणी बनते, आणि वाटेत वीज मिळते. १९६५ साली अमेरिकेच्या जेमिनी ५ या अंतराळयानाला असल्याच घटांनी वीज पुरवली.

मग असे घट गावोगावच्या दवाखान्यांत का नाहीत? कारणे पुष्कळ आहेत. हायड्रोजन स्वस्तात बनवणे आणि साठवणे हेही सोपे नाही. पण एक मोठी अडचण घटाच्या पोटातच आहे, ती म्हणजे प्लॅटिनम.

प्लॅटिनम तिथे करते काय? ते उत्प्रेरकाचे काम करते. काहीजण विरजणाचा दाखला देतात, पण विरजण दुधात मिसळून जाते. उत्प्रेरक हा लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थासारखा. दोन्ही पक्षांना एकत्र आणतो, कार्य पार पाडतो, आणि स्वतः मोकळाच राहून पुढल्या घरी जातो. हायड्रोजनचा पक्ष सोयीचा, चटकन तयार होतो. अडून बसतो तो प्राणवायू. त्याच्या रेणूतले दोन अणू एकमेकांना घट्ट धरून असतात. त्यांना सोडवण्यासाठी प्लॅटिनम लागते, आणि घटातले बरेचसे प्लॅटिनम याच बाजूला खर्ची पडते. ही धातू सोन्याच्या पंक्तीतली. जगातल्या खाणींतून निघणाऱ्या प्लॅटिनमपैकी निम्म्याहून अधिक एकट्या दक्षिण आफ्रिकेतून येते. म्हणून शास्त्रज्ञांनी विचारले, हे काम स्वस्त कर्बाकडून करून घेता येईल काय?

साधा कोळसा हे काम नीट करीत नाही. आपल्या पेन्सिलींचा काटा लवकर उतरतो, त्याचे एक कारण हेच. पण कर्बात नत्राचे अणू मिसळले तर चित्र पालटते. नत्र शेजारच्या कर्बाकडून विद्युत्कण आपल्याकडे ओढतो, आणि त्या कर्बावर प्राणवायूला बसायला जागा होते. २००९ साली अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या शास्त्रज्ञांनी नत्र मिसळलेल्या कर्बाच्या अतिसूक्ष्म नळ्या क्षारयुक्त द्रावणात प्लॅटिनमपेक्षा सरस ठरल्याचे दाखवले.

दुसरी वाट त्याहून जुनी. छपाईच्या निळ्या रंगाच्या कुळातले एक कोबाल्टयुक्त द्रव्य हे काम करते, असे १९६४ सालीच आढळले होते. आज याच वाटेने लोखंड वापरतात. लोहाचे क्षार, नत्रयुक्त पदार्थ आणि कर्ब हवेशिवाय सुमारे ९०० अंशांपर्यंत तापवले, की लोखंडाचा एकेक अणू चार नत्रांच्या चौकटीत बसतो. मंडळी, आपल्या रक्तातही असेच आहे. तिथेही लोहाचा अणू चार नत्रांच्या चौकटीत बसून प्राणवायूला धरतो.

तर मग अडले कुठे? टिकाऊपणात. मोटारींतल्या घटाचे अंतरंग आम्लधर्मी असते. त्यात लोखंड हळूहळू झिरपून जाते, कर्ब झिजतो, आणि अर्धवट क्रियेतून निघणारे हायड्रोजन पेरॉक्साइड उत्प्रेरकालाच खाऊ लागते. असे कित्येक उत्प्रेरक पहिल्या शंभर तासांतच आपल्या शक्तीचा मोठा हिस्सा गमावून बसतात. उलट अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने मोटारीच्या घटासाठी ५,००० तासांचे, आणि पुढे ८,००० तासांचे उद्दिष्ट ठेवले आहे. शिवाय कर्बाचा थर जाड द्यावा लागतो, आणि जाड थरात वायू आत शिरायला आणि पाणी बाहेर पडायला वेळ लागतो. म्हणूनच बाजारातल्या हायड्रोजन मोटारींत अजून प्लॅटिनमच आहे. क्षारधर्मी घटांत मात्र कर्बाला अधिक वाव दिसतो.

हे सारे दूरदेशीचे नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यात देशी बनावटीची हायड्रोजन बस लोकांपुढे आली. तिच्या उभारणीत वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचा हात होता. त्याच परिषदेच्या पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत प्लॅटिनमविना चालणाऱ्या कर्बाच्या उत्प्रेरकांवरही काम झाले आहे.

तेव्हा उद्या वर्तमानपत्रात 'प्लॅटिनमला स्वस्त पर्याय सापडला' असे वाचाल, तेव्हा आनंद जरूर माना, पण एक प्रश्नही विचारा. बैल घेताना आपण तो किती जोराने ओढतो एवढेच पाहत नाही, किती हंगाम ओढील तेही पाहतो. तसेच इथेही विचारा, 'तो किती तास टिकला?' मुलांना हा प्रश्न विचारायची सवय लागली, तर पेन्सिलीचा तो छोटासा प्रयोग सार्थकी लागला म्हणायचा.