मोठ्या वयात इंग्रजी शब्द लक्षात राहतात!

लंडनमधलं कॅमडेन मराठी माणसाला ठाऊक असतं ते १० किंग हेन्रीज रोड या पत्त्यामुळे. १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या घरात राहून शिकत होते. तेव्हा त्यांनी तिशी गाठली होती. आज लंडनला नोकरीसाठी आलेल्या तिशी-चाळिशीतल्या आपल्या नर्स, शेफ, हिशेबनीस मंडळींकडून मात्र हमखास ऐकू येतं, "आता या वयात कामाचे इंग्रजी शब्द डोक्यात राहत नाहीत हो." ही समजूत चुकीची आहे, आणि ती खोडून काढणारा पुरावा कॅमडेनमध्येच मिळाला आहे.

क्वीन स्क्वेअर हा कॅमडेनमधला जुना चौक. तिथल्या युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या प्रयोगशाळेत एलेनॉर मॅग्वायर यांनी काळ्या टॅक्सीच्या चालकांचा मेंदू अभ्यासला. परवाना हवा तर चेरिंग क्रॉसभोवतीच्या सहा मैलांतले सुमारे २५,००० रस्ते तोंडपाठ लागतात. 'द नॉलेज' नावाच्या या परीक्षेच्या तयारीत तीन-चार वर्षं जातात. मॅग्वायर आणि त्यांच्या सहकारी कॅथरीन वूलेट यांनी ७९ उमेदवारांचा सुरुवातीपासून मागोवा घेतला. त्यांपैकी ३९ जण उत्तीर्ण झाले. २०११ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की उत्तीर्णांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे आठवणींशी निगडित अवयवाचा, मागचा भाग वाढला होता. अनुत्तीर्णांपैकी ज्यांची पुन्हा तपासणी झाली, त्यांचा वाढला नव्हता. ही सगळी मोठी माणसं होती, शाळकरी मुलं नव्हेत.

त्याआधी मॅग्वायर यांनी असामान्य स्मरणशक्तीसाठी गाजलेले दहा जणही तपासले होते. त्यांची बुद्धी इतरांपेक्षा तल्लख नव्हती. दहापैकी नऊ जण जागांची प्राचीन युक्ती वापरत होते: ओळखीच्या वाटेवर एकेक गोष्ट मनानेच ठेवत जायची आणि आठवायची वेळ आली की त्याच वाटेने पुन्हा जायचं. नर्ससाठी वॉर्ड हीच वाट होऊ शकते. दाराशी 'हँडओव्हर', खाटेच्या पायथ्याशी 'ऑब्ज' म्हणजे नाडी, ताप, रक्तदाबाच्या नोंदी, अगदी टोकाला 'स्लूस' म्हणजे बेडपॅन धुण्याची खोली. कामाच्या पायऱ्या क्रमाने लक्षात ठेवायला ही युक्ती उत्तम. सुटे शब्द मात्र ध्वनीच्या आधाराने अधिक सहज बसतात. 'ब्रूज' म्हणजे मुका मार लागून काळंनिळं पडणं. हा शब्द ऐकताच बुरुजावरून घसरून काळानिळा झालेला गुडघा डोळ्यांपुढे आणा. अमेरिकेत रिचर्ड ॲटकिन्सन आणि मायकेल राव यांनी १९७५ मध्ये रशियन शब्दांवर हीच रीत वापरून पाहिली आणि ती उपयोगी ठरली.

पण युक्त्यांपेक्षा मोलाचं आहे ते स्वतःला विचारणं. आपले पाढे पक्के झाले ते नुसत्या घोकंपट्टीने नाही, गुरुजी मधूनच "सात नवे?" विचारायचे म्हणून. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनंतर पुन्हापुन्हा वाचणारे विद्यार्थी पुढे होते. आठवड्यानंतर मात्र न बघता आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना मागे टाकलं. म्हणून वहीत डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी लिहा आणि एक बाजू झाकून उत्तर द्या. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर ज्या पिढ्या इंग्रजी शिकल्या, त्यांनाही वाक्य स्वतः रचावंच लागे.

उजळणी कधी करायची, याचं उत्तर सी. ए. मेस यांनी १९३२ सालीच देऊन ठेवलं होतं: एक दिवसाने, मग दोन, चार, आठ दिवसांनी, असं अंतर वाढवत जायचं. हेच मेस पुढे आज ब्लूम्सबरीत, म्हणजे कॅमडेनमध्येच, असलेल्या बर्कबेक कॉलेजात मानसशास्त्राचे प्राध्यापक झाले. दिवसभर राबून संध्याकाळी शिकायला येणाऱ्यांचं ते कॉलेज, १८२३ पासूनचं. मेस यांच्या सूत्रासाठी फोनमधलं ॲप चालेल, पण कागदी चिठ्ठ्यांनाही काही हरकत नाही.

एक चूक टाळा: सारखे दिसणारे किंवा जवळच्या अर्थाचे शब्द एकाच दिवशी शिकू नका, ते एकमेकांत मिसळतात. आणि यादी पुस्तकातून नको, आपल्या पाळीतून काढा. ज्या शब्दापाशी आज अडलात, तोच आधी.

१८५४ साली स्थापन झालेलं आणि आता कॅमडेन टाउनच्या क्राउनडेल रोडवर असलेलं वर्किंग मेन्स कॉलेज आजही प्रौढांना इंग्रजी शिकवतं. नावात 'मेन्स' असलं तरी तिथे स्त्रियाही शिकतात. आपल्या ओळखीत कुणी वयाचं कारण सांगून मागे राहिलं असेल, तर त्यांना तिथे, किंवा जवळच्या अशाच वर्गात, स्वतः सोबत घेऊन जा. पहिल्या दिवशी सोबत लागते.