पाण्याखालील छायाचित्रणासाठी कॅमेऱ्याची निवड

बेळगावाहून सकाळी निघाले असता दुपारपर्यंत मालवण अथवा गोवा गाठता येतो. त्यामुळे आपल्या सभासदांच्या घरांतील तरुण मंडळी अलीकडे सुटीत समुद्रात बुडी मारून येऊ लागली आहेत. परतल्यावर त्यांपैकी एखादा आमच्या दुकानी येतो आणि विचारतो, "काका, पाण्याखाली फोटो काढायला कोणता कॅमेरा घ्यावा?" हा छंद आम्हांस उतारवयात जडला आणि त्यापायी आम्ही हातही पोळून घेतले. तेव्हा प्रत्येकास वेगळे सांगत बसण्यापेक्षा येथे एकदाच लिहावे असे ठरविले.

प्रश्न मुळातच उलट्या बाजूने विचारला जातो. कॅमेऱ्याचा विचार शेवटी करावयाचा; आधी पाणी पाहावयाचे.

कापडाच्या धंद्यातील मंडळींस हे लवकर उमजेल. जाणते गिऱ्हाईक साडीचा रंग दुकानातील दिव्याखाली कधीच ठरवीत नाही. ते साडी उचलून पायरीवर, उन्हात नेऊन पाहते. पाण्याखाली ही पायरीच नाहीशी होते. सूर्यप्रकाशातील लाल भाग पाणी सर्वांत आधी शोषून घेते. ५ मीटरांवरच लाल रंग फिका पडतो, १० मीटरांच्या आसपास तो जवळजवळ संपतो. नारिंगी आणि पिवळा त्याच्या मागोमाग जातात. लालभडक मासा तेथे करडा-काळपट दिसतो. आणि हे अंतर केवळ खोलीचे नव्हे. मासा आणि भिंग यांच्यामधले पाणीही त्याच हिशेबात धरावे लागते.

दुसरी गोष्ट वक्रीभवनाची. सपाट काचेतून पाहिले असता पाण्यातील वस्तू खऱ्या अंतराच्या पाऊण अंतरावर भासते. चार हातांवरचा मासा तीन हातांवर वाटतो. 'जवळच तर आहे' असे समजून नवशिका दुरूनच चित्र घेतो आणि घरी येऊन पाहतो तो सर्वत्र हिरवट धुके! शिवाय सपाट काचेमागे भिंगाचा आवाकाही आखडतो. जमिनीवर २८ मिलिमीटरचे असलेले भिंग पाण्यात सुमारे ३७ मिलिमीटरच्या भिंगासारखे वागते. यावर उपाय घुमटाकार काचेचा. तिच्यामुळे भिंगाचा मूळ आवाका परत मिळतो.

आता आपला किनारा घ्या. मालवण, तारकर्ली किंवा गोव्याचे ग्रँड आयलँड येथील पाण्यात गाळ आणि सूक्ष्म जीव पुष्कळ असतात. अंदमानात अथवा लक्षद्वीपात जी स्वच्छता मिळते ती येथे मिळत नाही. मुरुडेश्वरजवळचे नेत्राणी बेट त्या मानाने बरे. अशा पाण्यात एकच युक्ती चालते, ती म्हणजे मधले पाणी कमी करणे. दूरची वस्तू ओढून आणणारे लांब भिंग जमिनीवर कितीही कौतुकाचे असो, येथे ते निरुपयोगी. एक तर बोटभर जीवाच्या अगदी पुढ्यात जाऊन त्याचे चित्र घ्यावे, नाहीतर विशाल आवाक्याचे भिंग लावून मोठ्या वस्तूस हातभर अंतरावरून टिपावे. या दोहोंपैकी आपणांस काय करावयाचे आहे, ते ठरले की खरेदीचे निम्मे काम झाले.

पूर्वी यासाठी स्वतंत्र कॅमेरेच बनत. निकॉन कंपनीचा निकोनॉस १९६३ साली आला आणि त्याची परंपरा २००१ पर्यंत चालली. त्यास वेगळी पेटी लागत नसे. आज बहुतेक सारा मामला जलरोधक पेटीचा आहे, आणि व्यापाऱ्याने नेमके येथेच सावध राहावे. भिंगे बदलता येणाऱ्या कॅमेऱ्याची पेटी पुष्कळदा कॅमेऱ्याहून महाग पडते. ती एकाच नमुन्यास बसते. चार वर्षांनी कॅमेरा बदलला की ती पेटी भंगारात. घुमट वेगळा, फ्लॅश वेगळे, ते धरणारे दांडे वेगळे. केवळ कॅमेऱ्याची किंमत पाहून जो निघाला, तो अर्ध्या वाटेत अडकलाच म्हणून समजा.

म्हणून आरंभी लहान कॅमेरा बरा. ओएम सिस्टीमचा २०२३ साली आलेला टीजी-७ पेटीविना १५ मीटरपर्यंत चालतो आणि भिंगापासून एका सेंटिमीटरवरील वस्तूवरही नजर रोखतो. आपल्या गढूळ पाण्यास हा गुण फार उपयोगी. तो रॉ स्वरूपात चित्र साठवितो, त्यामुळे रंग मागाहून सुधारता येतात. मात्र जो लाल प्रकाश भिंगापर्यंत पोचलाच नाही, तो कोणतेही यंत्र मागाहून निर्माण करू शकत नाही. त्यासाठी फ्लॅशच हवा. पुढे पैसे हाती आले तर आम्ही म्हणू, कॅमेरा बदलू नका, फ्लॅश घ्या. तो भिंगाला चिकटून नसावा. दांड्यावर बाजूस दूर असावा. नाहीतर मधला गाळच उजळतो आणि चित्रावर हिमवर्षाव झाल्यासारखा दिसतो.

आमची फजितीही सांगून टाकतो. मालवणास होडीत बसून, दोन बुड्यांच्या मध्ये, ओल्या हातांनी आम्ही पेटी उघडली. बंद करताना ओ-रिंग नावाच्या रबरी कड्यावर एक केस राहिला. एकच केस! सहा मीटरांवर पेटीत चमचाभर खारे पाणी शिरले आणि कॅमेरा तेथेच निवर्तला. विक्रेत्याने हमीपत्रातील बारीक अक्षरांतले वाक्य दाखविले: आत पाणी गेल्यास जबाबदारी नाही. तेव्हापासून पेटी आदल्या रात्री, पंखा बंद करून, दिव्याखाली लावतो. कड्यावरून बोट फिरवितो, सिलिकॉनचे वंगण जेमतेम चमक येईल इतकेच लावतो आणि आत सिलिका जेलची पुडी टाकतो. काही पेट्यांस आतली हवा काढून गळती तपासण्याची सोय असते. परवडत असेल तर ती अवश्य घ्यावी.

आणखी एक सूचना, जी तरुणांस रुचत नाही. प्रशिक्षक पाठीवर धरून नेतो त्या पहिल्या बुडीसाठी कॅमेरा विकत घेऊ नये. पाण्यात अधांतरी स्थिर राहता येऊ लागेपर्यंत थांबावे. तोल न सावरणारा छायाचित्रकार प्रवाळास धरतो, त्यावर पाय देतो, आणि एका चित्रापायी कित्येक वर्षांची वाढ मोडून ठेवतो.

वर आल्यावर पेटी लगेच उघडू नये. गोड्या पाण्याच्या बादलीत अर्धा तास बुडवून ठेवावी, सारी बटणे पाण्यातच दाबून पाहावीत म्हणजे फटींतले मीठ निघते, आणि मऊ कापडाने पुसून पूर्ण कोरडी झाल्यावरच, सावलीत उघडावी.