ग्लासगोचा जानेवारी : ‘सेल्टिक कनेक्शन्स’ संगीत महोत्सव

कधी : जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत, साधारण १८ दिवस.

ऐन थंडीत का : नाताळ सरला की ग्लासगो रॉयल कॉन्सर्ट हॉलच्या तारखा रिकाम्या राहायच्या. त्या भरायला १९९४मध्ये स्कॉटिश आणि आयरिश लोकसंगीत बोलावलं गेलं. संध्याकाळी लवकर अंधारणाऱ्या शहरासाठी हा उपाय भलताच व्यवहारी ठरला. आता हा महोत्सव शहरभर पसरला आहे. नावात ‘सेल्टिक’ असलं तरी मालीचे कोरा हे तंतुवाद्य वाजवणारे आणि अमेरिकी ब्लूग्रास संगीतवालेही इथे येतात.

चुकवू नये असं : ओल्ड फ्रूटमार्केट. ही खरोखरच जुन्या फळबाजाराची इमारत आहे आणि व्यापाऱ्यांच्या नावांच्या पाट्या अजून भिंतींवर आहेत. फिडल आणि बॅगपाइप इथे जसे घुमतात, तसे गुबगुबीत खुर्च्यांच्या सभागृहात घुमत नाहीत. बऱ्याच मैफली उभ्यानेच ऐकायच्या असतात, त्यामुळे बूट आरामाचे हवेत.

फुकटात : डॅनी काइल ओपन स्टेज. नवखे कलाकार इथे छोटेखानी कार्यक्रम करतात. निवड झालेल्यांना पुढच्या वर्षी महोत्सवात संधी मिळते. मोठ्या नावांची तिकिटं हुकली तर हळहळू नका, इकडे या.

रात्री उशिरा : फेस्टिव्हल क्लब. कोण वाजवणार हे आधी जाहीर होत नाही. आपापल्या मैफली आटोपून कलाकार इथे येतात, कधी एकमेकांत मिसळूनही वाजवतात. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ मात्र आधीच पाहून ठेवा.