बिल्ला खरा, भांडे खोटे

लग्नाच्या वरातीत बँडवाल्यांच्या रांगेत एक चकचकीत ड्रम असतो. कमरेपाशी तिरपा लटकवलेला, दोन काड्यांनी तडतड वाजणारा. आमच्या बँडवाल्यांच्या भाषेत तो 'साईड'. इंग्रजी वाद्यशास्त्रात त्याला 'स्नेअर ड्रम' म्हणतात. माझे वडील गेली सव्वीस वर्षे तो वाजवतात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. तेव्हा या लेखाचा विषय मला घरातल्या खुंटीवरच सापडला, हे आधीच कबूल करतो.

चार वर्षांपूर्वी वडिलांनी शहरातल्या एका व्यापाऱ्याकडून जुना ड्रम घेतला. "अस्सल अमेरिकन ल्युडविग, सुप्राफोनिक ४००, साठ-पासष्ट सालचा," असे सांगून त्याने पंधरा हजार रुपये घेतले. पैकी दहा हजार पतपेढीचे कर्ज होते. यंदा उन्हाळ्याच्या सुटीत मला कळले, की त्या ड्रमवर ल्युडविगचा फक्त बिल्ला आहे. ते कसे कळले, हे सांगण्यापूर्वी ड्रमची रचना पाहू.

स्नेअर ड्रम म्हणजे दोन्ही बाजूंनी मढवलेले एक उथळ भांडे. सुप्राफोनिक ४०० चा व्यास १४ इंच आणि खोली ५ इंच असते. वरच्या पानावर काडी पडते. खालच्या पातळ पानाला बारीक तारांची एक पट्टी टेकलेली असते. वरचे पान हलले की आतली हवा खालचे पान हलवते, ते तारांवर आपटते, आणि म्हणून नुसता 'धब्' न येता 'तर्र' असा आवाज निघतो. पाने ताणण्यासाठी वर-खाली एकेक कडे, ती कडी आवळणारे लांब स्क्रू आणि ते स्क्रू धरणारे भांड्यावरचे दहा ठोकळे असतात. तारा ताणायला व सैल सोडायला एका बाजूस खिट्टी असते. शिवाय भांड्याला हवेसाठी एक भोक ठेवलेले असते आणि तेथेच कंपनीचा बिल्ला बसवतात.

ल्युडविग बंधूंनी १९०९ मध्ये शिकागो येथे हा व्यवसाय सुरू केला. पुढे तो कॉन कंपनीकडे गेला. थोरल्या ल्युडविगने १९३७ मध्ये नवा कारखाना काढला आणि १९५५ मध्ये आपले जुने नाव परत विकत घेतले. ९ फेब्रुवारी १९६४ रोजी बीटल्स मंडळी अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर झळकली. सुमारे ७ कोटी ३० लाख लोकांनी तो कार्यक्रम पाहिला आणि रिंगो स्टारच्या मोठ्या ड्रमवर 'ल्युडविग' हे नाव वाचले. त्यानंतर कारखान्याला मागणी पुरवता पुरवेना. त्या काळचे ड्रम आज जगभर शोधले जातात. आणि जिथे मागणी तिथे नक्कल, हा बाजाराचा जुनाच नियम आहे.

आता अस्सलपणाची परीक्षा. पहिली परीक्षा लोहचुंबकाची. सुप्राफोनिकचे भांडे आरंभी पितळेचे होते. १९६३ च्या सुमारापासून ते ॲल्युमिनियमचे होऊ लागले. वर क्रोमचा मुलामा असल्याने डोळ्यांना फरक दिसत नाही. परंतु चुंबक दोन्हींना चिकटत नाही. मात्र तो भांड्यालाच लावून पाहावा, कारण कडी अस्सल ड्रमवरही पोलादी असू शकतात. मी शाळेच्या प्रयोगपेटीतला चुंबक आमच्या ड्रमला लावला आणि तो टपकन चिकटला!

दुसरी परीक्षा सांध्याची. सुप्राफोनिकचे भांडे बिनसांध्याचे असते. आमच्या ड्रमचे पान काढून आत पाहिले, तर वरपासून खालपर्यंत झाळल्याची सरळ रेघ. तिसरी परीक्षा भोकांची. खिट्टी मोडली म्हणून दुसऱ्या घडणीची बसवली, की नवी भोके पाडावी लागतात आणि जुनी उघडी राहतात. असे एक जादा भोकही संग्राहकाच्या दृष्टीने ड्रमची किंमत बरीच उतरवते, कारण भाग बदलता येतो, भोक बुजवून पूर्ववत होत नाही. चौथी परीक्षा बिल्ल्याची. मूळ बिल्ला हवेच्या भोकातल्या धातूच्या नळीनेच भांड्याला पक्का केलेला असतो. आमचा डिंकासारख्या कशाने तरी डकवलेला होता.

बिल्ल्यावरच्या क्रमांकाविषयीही एक गैरसमज आहे. ल्युडविगच्या बिल्ल्यांवर क्रमांक येऊ लागले ते १९६३-६४ च्या सुमारास. पण कामगार बिल्ले ओळीने लावीत नसत. हाताला येईल तो बिल्ला लावला जाई. म्हणून क्रमांकावरून साल अंदाजानेच सांगता येते.

उलट एक दोष मात्र अस्सलपणाची खूण ठरतो. ॲल्युमिनियमवर क्रोम नीट धरत नाही. वर्षे गेली की देवीच्या व्रणांसारखे ठिपके पडतात, पापुद्रे सुटतात. अशा ड्रमला पुन्हा मुलामा चढवून चकचकीत केले, तर जाणकार उलट कमी पैसे देतो. म्हातारपण लपवले की वयाचा पुरावाच नाहीसा होतो.

मग सगळेच भाग मूळचे हवेत काय? तसे नाही. पाने आणि तारा या झिजणाऱ्या वस्तू. त्या बदलल्या म्हणून कोणी तक्रार करीत नाही. जुन्या काळी पाने वासराच्या कातड्याची असत. आमचे आजोबा सांगत, गणपतीच्या पावसात कातडे सैल पडे आणि ते शेकोटीवर धरावे लागे. १९५७ च्या सुमारास अमेरिकेत पॉलिएस्टरची पाने बाजारात आली आणि ही दगदग संपली. स्क्रू, खिट्टी, कडी हे भाग बदललेले चालतात; पण विकताना तसे सांगितले पाहिजे. भांडे आणि पान जिथे टेकते ती भांड्याची कड हे मात्र ड्रमचे प्राण. कड पुन्हा घासली, तर मूळचा आवाज परत आणता येत नाही.

तत्त्वज्ञानाच्या तासाला आम्हांला 'मिलिंदप्रश्ना'तला रथ शिकवला. नागसेन राजाला विचारतो, रथ म्हणजे चाक काय, आस काय, की जू? यांतला एकही भाग सुटा रथ नव्हे, आणि हे सारे वगळून उरते तेही रथ नव्हे. तास ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे आमचा ड्रमच होता. त्याला 'ल्युडविग' म्हणायचे ते कशाच्या बळावर?

याचे उत्तर मला वर्गाबाहेर मिळाले. मे महिन्यात एका वरातीत पुण्याच्या एका हौशी वादकाने तो बिल्ला पाहिला आणि दुसऱ्या दिवशी घरी येऊन तीस हजार देऊ केले. माझ्या तिसऱ्या वर्षाची फी आणि पतपेढीचे उरलेले हप्ते, दोन्ही त्यात भागले असते. मी वडिलांकडे पाहिले. ते म्हणाले, "तू चुंबक लावलास ना? मग सांग त्यांना." मी सांगितले. पाहुण्यांनी ड्रम उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "भांडं खोटं आहे खरं, पण बिल्ला खरा दिसतोय. नुसता बिल्ला द्या, पाच हजार देतो."

वडील थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "साहेब, हा बिल्ला असाच कुणीतरी कुणाला विकला, म्हणून तो माझ्या दारात आला. आता माझ्या दारातून तो दुसऱ्याच्या दारात जायला नको."

पाहुणे चहा घेऊन गेले. हप्ते अजून चालू आहेत. तुळशीचे लग्न झाले, की तोच ड्रम पुन्हा वरातीत वाजेल. त्याचा आवाज वाईट नाही. बिल्ला मात्र वडिलांनी काढून माझ्या पेटीत टाकला आहे. ड्रमवर तो जिथे होता, तिथे आता हवेचे साधे भोक दिसते.